नावभाऊ

"माणूस घ्यायचा न्हाय, मामा. मालकाचा हुकूम हाय," परशराम ड्रायव्हर म्हणाला आणि मष्णूच्या हाताकडे बघत राहिला. गाडीवान बैलाच्या पाठीवर हात ठेवतो, तसा मष्णूने लॉरीच्या मडगार्डवर हात ठेवला होता.

लॉरी नदीच्या सावरगट्टीत, कुंथुनाथाच्या वखारीपुढे उभी होती. हमाल तंबाखूचे दाबून शिवलेले बोद पाठीवर घेऊन फळीवरून चढत होते. मागे लावलेली कोळशाची टाकी धुमसत होती. पेट्रोल लढाईवर गेल्यापासून मोटारी कोळशाच्या धुरावर चालत आणि चढ आला की दम्याच्या माणसासारख्या खोकत.

"माणूस नगं घिऊस. म्हातारी घे," मष्णू म्हणाला. "भावकूची जयाबाई. श्वास लागलाय तिला, ओठ काळं पडल्यात. बोदावर बसव, न्हायतर खाली तुज्या पायापाशी. निपाणीच्या दवाखान्यापत्तर सोड, बास."

परशरामने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. पोटाला बांधलेला होता, एवढंच.

"मला का पापात घालतासा? मालक आत हाईत. त्येनला इचारा की."

मष्णूला हेच नको होतं. मालकाला विचारायचं तोंड त्याने केव्हाच मिटून टाकलं होतं. पण दुसरी वाट नव्हती, कारण तो बेंदराचा, बैलांच्या सणाचा दिवस होता. नदीवर धुतलेले बैल दारोदार उभे होते. शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगूरमाळा. आदल्या दिवशी लोण्या-हळदीने मळलेल्या त्यांच्या खांद्यांवर आज कुणी जू ठेवणार नव्हतं. मयतालासुद्धा ठेवत नाहीत. वर्षभर राबणाऱ्या जनावराला त्या मुलखात एवढा एकच दिवस माणसाकडून न मागता मिळतो, आणि तोही कुणी कायदा केला म्हणून नाही. गावात बैल होते, शेताच्या गाड्या होत्या, पण त्या दिवशी एक चाक हलणार नव्हतं. हलणार होती ती एकटी लॉरी. आणि ती लॉरी या गावात यावी म्हणून सगळ्यात जास्त कुणी जीव टाकला असेल, तर तो मष्णूने.

सावरगट्ट्या दोन. एक निपाणी-संकेश्वरच्या सडकेवरची, दुसरी तिथून आत, हिरण्यकेशीच्या काठाची. थोरली कोण, धाकटी कोण, याचा वाद दोन्हीकडचे म्हातारे हौसेने घालत, पण नातं दोघांनाही कबूल होतं. एका नावाची गावं म्हणजे नावभाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही. एकाची विहीर खणायला निघाली तर दुसऱ्याची माणसं कुदळी घेऊन जातात. एकदा हुक्केरीकडचं वऱ्हाड चुकून सडकेच्या सावरगट्टीत उतरलं. तिथल्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि जेवणं उरकल्यावर वरबापाने नवरीचं घर कोणतं म्हणून विचारलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले आणि वऱ्हाडाला गाड्या जोडून नदीकडे धाडून दिलं. जेवणाचं कुणी नाव काढलं नाही. भावाच्या घरचं वऱ्हाड ते आपलंच.

दसऱ्याला दोन्ही गावं शिवेवर भेटत आणि आपट्याचं सोनं लुटत. हातात पान घेऊन एका गावाने मागितलेलं दुसऱ्याने नाकारायचं नाही, आणि दिलेल्या शब्दाला कागद मागायचा नाही. कागद मागणं म्हणजे भावाला चोर म्हणणं. बाकी साऱ्या दुनियेशी व्यवहार करताना अंगठा उठवणारी, साक्षीदार उभे करणारी शहाणीसुरती माणसं त्या एका शिवेवर डोळे मिटून उभी राहत.

मष्णूचा बाप टपालाच्या टांग्याचे घोडे सांभाळायचा. बेळगावहून कोल्हापूरकडे जाणारा टांगा सडकेच्या सावरगट्टीत थांबायचा, दमलेले घोडे सुटायचे, ताजे लागायचे. घोडे बदलणारी माणसं नदीच्या सावरगट्टीची, कारण सडकेवरच्यांना घोड्याच्या लिदीचा वास सहन व्हायचा नाही, असं नदीवरचे चेष्टेने म्हणत. पुढे सर्व्हिस मोटार आली. टांगा बंद पडला, तबेल्याचं चहाचं हॉटेल झालं, आणि घोडेवाल्यांनी बैल घेतले. मोटारीतून उतरलेला माणूस नदीकडे न्यायचा, नदीकडचा सडकेवर आणायचा. मष्णू, भावकू, भरमा, शामू अशा सगळ्यांच्या दमण्या हॉटेलासमोरच्या चिंचेखाली उभ्या असत. वरून छत, आत गवताची गादी, बैलांच्या गळ्यात घंटा. अडत-रखडत, पण माणूस घरी पोचायचा.

पावसाळ्यात मात्र पोचायचा नाही. पाणंदीत आसापर्यंत चिखल व्हायचा. मष्णूची बायको मनुबाई बाळंतपणात अडली, तेव्हा त्याच्याच दमणीत, त्याच्याच बैलांच्या मागे, त्या चिखलात गेली. बैलांना मारून मारून त्याचा चाबूक तुटला. त्यानंतर त्याने चाबूक हातात धरला नाही.

म्हणून एका दसऱ्याला, सडकेवरचा कुंथुनाथ शिवेवर सोनं द्यायला आला, तेव्हा मष्णूने हातात पान धरून मागितलं. कुंथुनाथाची स्वतःची एक सर्व्हिस मोटार सडकेवर पळत होती. माणूस गोड बोलायचा. मराठीत गोड, कानडीत त्याहून गोड.

"अण्णा, आमच्या गावात मोटर घाला," मष्णू म्हणाला.

सगळे दमणीवाले त्याच्याकडे बघत राहिले. स्वतःच्या पोटावर पाय ठेवून कुणी असं मागतं का. पण कुंथुनाथाने लगेच ते पान घेतलं आणि आपलं त्याच्या हातात दिलं. म्हणाला, सडक तुम्ही करा, मोटार मी घालतो. फक्त एक करा. त्या वाटेवर दमण्या नकोत. एका वाटेवर दोन धंदे झाले की भांडणं होतात, आणि भावाभावांत भांडण कशाला.

मष्णूने सर्वांच्या वतीने हो म्हटलं.

मग त्याने गाव पालथं घातलं. दारोदार गेला, पाया पडला, चिडला, रडला. रायाप्पाने आपल्या काळ्या रानातली पट्टी सडकेसाठी सोडली. हा जैन शेतकरी वावरातल्या एका ढेकळासाठी सख्ख्या चुलत्याशी कोर्टात गेलेला, पण नावभावाच्या शब्दावर बांध मोडून दिला. बायकांनी टोपल्यांनी मुरूम वाहिला. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, दोन्ही रानांच्या मधून कमरेएवढ्या उंचीची भरावाची सडक उभी राहिली. एकच गाडी जाईल एवढी रुंद, पण कोरडी.

जयाबाई तेवढी शेवटपर्यंत नाक मुरडत होती. भावकूची ही बायको जिभेने सगळ्या गावाला पुरून उरायची.

"मष्ण्या, मोटरवाला तुजा भाऊ आसंल," ती म्हणाली होती, "पर मोटर काय तुजी भैन न्हवं. तिला भूक न्हाय, तहान न्हाय, ती तुज्यासाठी कशापायी थांबंल?"

"थांबंल वयनी. शबूद दिलाय."

"बैल इकून शबूद घ्यायलाय गडी. ह्येच्या दावणीला आता शबूदच बांधा."

सगळे हसले, आणि सगळ्यांनी बैल विकले. दमण्याही विकल्या. जयाबाईने तेवढी आपली दमणी विकू दिली नाही. ती गोठ्यात राहिली आणि तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मोटार आली. दिवाळीच्या पाडव्याला आली, तोरण बांधून आली. कुंथुनाथाने मष्णूला पुढे आपल्या शेजारी बसवलं, आणि गावाने त्याच्या गळ्यातही हार घातला. दोन पावसाळे मोटार आली, गेली. अडलेल्या बायका दवाखान्यात पोचल्या. कुणाचं बारसं झालं की मष्णूला आधी बोलावणं यायचं. तो दुसऱ्याच्या रानात मजुरीने जायचा, दमणीवाला मष्णू आता रोजगारी झाला होता, पण वरात चालल्यासारखा ताठ चालायचा.

मग टपावर तंबाखू आला. कुंथुनाथाने नदीच्या सावरगट्टीत वखार घेतली. आधी टपावर दोन-चार बोद, मग मागच्या बाकांवर, मग माणसांनी बोदांवर बसायचं. लढाई सुरू झाली, बिडीच्या तंबाखूला सोन्याचं मोल आलं, पेट्रोल आटलं. एक दिवस मोटार आली ती उघडीबोडकी. छप्पर कापलेलं, बाक उपटलेले. ते बाक कुंथुनाथाच्या हॉटेलात गिऱ्हाइकांना बसायला ठेवले होते.

मष्णू चालत सडकेवर गेला. कुंथुनाथाने त्याला त्याच बाकावर बसवून चहा पाजला.

"आता लढाई काय मी लावली, मष्णू? कोळशावर गाडी किती वढंल? एक तर माणसं, न्हायतर तंबाखू. तंबाखूनं तुमच्या गावात पैका येतोय. माणसं काय, चालत्यात की. आदी चालतच हुती."

"आदी दमण्या हुत्या अण्णा. तुमच्या शबदावर मोडल्या. दसऱ्याला पान दिलंतसा."

कुंथुनाथ हसला. वाईट हसला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीसारखाच, मायेने हसला.

"दिलं की. दसऱ्याचं सोनं मी समद्यास्नीच देतो. रस्त्यात भेटंल त्याला देतो."

चहा अर्धा टाकून मष्णू उठला. घरी येईपर्यंत त्याने ते वाक्य कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं, आणि कुणाला सांगितलंही नाही. तो मोटार बंद झाली एवढंच म्हणाला.

फसवणाऱ्याला गाव शिव्या देत नाही. त्याची लॉरी असते, वखार असते, तंबाखूचा भाव त्याच्या जिभेवर असतो. त्याला शिवी दिली तर उद्या माल कुणाला घालायचा? शिव्या खायला गावाला मष्णू सापडला. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. तो कट्ट्यावर आला की बोलणं पावसावर जायचं. भरमा सख्ख्या मित्रासारखा होता, तो वाट बदलून जायला लागला. शामू चिकोडीकडे एका सावकाराच्या गाडीवर चाकरीला लागला होता. स्वतःच्या दमणीचा मालक, आता दुसऱ्याच्या बैलांची दावण झाडायचा. तो सणाला घरी आला की मष्णूच्या दारावरून खोकून, थुंकून पुढे जायचा. एकटा भावकू बोलायचा, कारण भावकूला कुणावर रागावता यायचं नाही. त्याच्या वाटणीचा राग जयाबाई करायची.

आणि आता ती जयाबाई श्वासासाठी तडफडत होती.

मष्णू वखारीत शिरला. आत तंबाखूच्या धुळीने डोळे चुरचुरत होते. कुंथुनाथ काट्यापाशी उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला की परमिट तंबाखूचं आहे, नाक्यावर पोलीस धरतात, पाऊस दांडगा व्हायच्या आत बोद निपाणीला पोचले पाहिजेत, उद्या मात्र स्वतःच्या खर्चाने डॉक्टरच घेऊन येतो, मग झालं?

"उद्यापत्तर ती ऱ्हाईल, असं तुमी सांगतासा?" मष्णूने विचारलं.

कुंथुनाथाने काट्याकडे बघितलं. "ते काय माज्या हातात हाय व्हय?"

मष्णूने हात उगारला नाही. शिवी दिली नाही. एवढंच झालं, की इतकी वर्षं त्या माणसाला अण्णा म्हणताना त्याच्या छातीत जे ऊबदार काहीतरी असायचं, ते निघून गेल्याचं त्याला कळलं. तो बाहेर आला आणि सरळ भावकूच्या गोठ्यात गेला. कोंबड्या हुसकल्या, गादी झटकली, आणि लाकूड सुकून तडकलेल्या दमणीच्या आसाला हाताला लागेल ते तेल घातलं.

तेवढ्यात रायाप्पा आला. त्याचे खिलारी बैल तोरणाखाली सजून उभे होते. त्याच्या बायकोच्या हातात ओवाळायचं ताट तसंच होतं.

"मी जुपतो," रायाप्पा म्हणाला. "बेंदूर गेला खड्ड्यात. पाप लागलं तर मला लागंल."

भावकूने जयाबाईला पाठंगुळीला घेऊन आणलं होतं. ते ऐकून तिने नवऱ्याच्या खांद्यावरून मान वर केली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता तिला.

"त्येनला... ऱ्हाऊ द्या. वरसाचा... योक दीस हाय त्येंचा. माज्यापायी मोडायचा न्हाय."

"अगं पर मरशील की," भावकू म्हणाला.

"मग मेल्यावर... जुपा."

कुणी हसलं नाही. कुणी तिच्याशी वादही घातला नाही, कारण ती बोलली ते तिथल्या प्रत्येकाच्या मनात होतं. शब्द मोडणारा एक गावात वखारीत उभा होता. तेवढा पुरे होता.

तिला गादीवर आडवं केलं. मष्णू पुढे गेला आणि दमणीची दांडी उचलून जुवाच्या आत शिरला. जू बैलाच्या मानेसाठी केलेलं असतं. माणसाला ते छातीवर आडवं येतं आणि बरगड्या दाबतं. त्याने एक पाय रोवला आणि रेटा दिला. चाकं किंचित हलली आणि थांबली. एकट्याने ओढायची वस्तू ती नव्हेच. त्याने पुन्हा रेटा दिला.

दुसऱ्या बाजूच्या जुवाखाली कुणीतरी शिरलं. मष्णूने बघितलं, तर भरमा. भरमा त्याच्याकडे बघत नव्हता, समोर बघत होता. सणाला आलेला शामू मागून चाकाला भिडला. रायाप्पाने डोक्याचा पटका सोडून कमरेला आवळला आणि दुसऱ्या चाकाशी गेला. मष्णूशी कुणी बोललं नाही. माफी झाली की काय झालं, ते त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं. गाडी हलली, एवढं खरं.

दारोदार ओवाळायला थांबलेल्या बायका ताटं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. रंगवलेल्या शिंगांचे बैल रवंथ थांबवून बघत होते. दमणीतून जयाबाईचा आवाज आला.

"मष्ण्या, खांद्याला... लोणी लावलंस न्हवं?"

"लावलंय वयनी," मष्णू म्हणाला. "तुमी बोलू नगासा. दम धरा."

"आता... दम कुठला धरू रं."

या वेळी भरमा हसला. हसताना त्याची पकड सुटली आणि मष्णूने दोघांचं वजन एकट्याने पेललं, तो सावरेपर्यंत.

गाव मागे पडलं. भरावाची सडक लागली. दोन्ही बाजूंना रायाप्पाचं काळं रान, नुकतं पेरलेलं, मऊ. सडकेवरचा मुरूम त्यांच्याच हातांनी ठोकलेला होता. कुठली टोपली कुणी टाकली हे सांगता यावं इतका ओळखीचा. भावकू दमणीच्या कडेने चालत होता. त्याने छताखाली हात घालून बायकोचा हात धरला होता आणि तिच्या श्वासाच्या आवाजाकडे त्याचं इतकं लक्ष होतं की ठेच लागली तरी त्याने खाली बघितलं नाही. चौघेही घामाने निथळत होते. मष्णूच्या छातीवर जुवाचा आडवा वळ उठला होता.

अर्ध्या वाटेवर मागून लॉरीचा आवाज आला.

बोदांनी भरलेली, कोळशावर खोकणारी लॉरी हळूहळू जवळ आली. परशरामच्या शेजारी कुंथुनाथ बसला होता. सडक एका गाडीची. बाजू द्यायची म्हणजे दमणी भरावावरून खाली रानात उतरवायची, आणि तिथून ती पुन्हा वर चढणार नव्हती. परशरामने हॉर्न वाजवला नाही. मग कुंथुनाथाने हात लांब करून रबरी भोंगा दाबला. एकदा, मग पुन्हा, मग सोडलाच नाही.

शामूने मागे वळून बघितलं. "काय करायचं?" त्याने विचारलं. किती महिन्यांनी त्याने मष्णूला काही विचारलं होतं.

मष्णू वळला नाही. "चाला," म्हणाला.

"मष्णू," कुंथुनाथाने खिडकीतून डोकं काढून हाक मारली. आवाजात अजूनही माया होती. "आरं, वाट दे की. टाकी इझतीया. भाऊ हाईस न्हवं तू?"

दमणीत जयाबाईने डोळे उघडले. "कोन... वराडतंय रं?"

मष्णूने पाय रोवला, जू छातीवर घेतलं आणि पुढचं पाऊल टाकलं.

"वळखीचं न्हाय कुनी, वयनी," तो म्हणाला. "सडकेनं चाललंय कुनीतरी."

चाकं फिरत राहिली. ना घाईने, ना मुद्दाम हळू. माणसाच्या ताकदीला जेवढी चाल येते, तेवढ्या चालीने. मागून, टाकीतून धूर सोडत, भोंगा वाजवून वाजवून थकलेली लॉरी त्याच चालीने येत राहिली.